दुसऱ्या सुईचा धक्का

वर्षानुवर्षे आवडीने कोळंबी खाणाऱ्या माणसाचे एके दिवशी जेवता जेवता ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घशात काहीतरी अडकल्यासारखे होते आणि पंधरा-वीस मिनिटांत तो घामाघूम होऊन खाली कोसळतो. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे तर नेहमीचेच खाणे, मग आजच असे कसे झाले? विसावे शतक उजाडले तेव्हा वैद्यकशास्त्रालाही या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. उत्तराचा पहिला धागा १९०२ मध्ये पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत हाती लागला, तोही एका धडधाकट कुत्र्याच्या अनपेक्षित मृत्यूमुळे. कुत्र्याचे नाव नेपच्यून. तो धागा पकडणाऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे नाव शार्ल रिशे.

रिशे यांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील आल्फ्रेद रिशे पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. मुलगाही वैद्यकाकडे वळला, पण त्याचे मन एका जागी कधीच रमले नाही. शिकत असतानाच त्याला संमोहनाने झपाटले. त्या काळी संमोहन ही जत्रेतल्या जादूगारांची गोष्ट समजली जाई. प्रतिष्ठित डॉक्टर त्यापासून चार हात लांब राहत. १८७५ मध्ये, वयाच्या पंचविशीत रिशे यांनी त्यावर गंभीरपणे लेख लिहिला आणि ही ढोंगबाजी नसून मज्जासंस्थेची एक खरी अवस्था आहे, असे मांडले. हसे होईल याची पर्वा न करता पाहिले ते लिहायचे, हा स्वभाव त्यांना पुढे एकदा फार मोठे यश देणार होता आणि एकदा पार फसवणार होता.

त्याच सुमारास व्हेर्नेय या शल्यचिकित्सकाने अन्ननलिका पूर्ण बंद झालेल्या एका तरुणाच्या पोटातून थेट जठरात वाट करून दिली. या तरुणाची लाळ जठरापर्यंत पोहोचतच नव्हती, त्यामुळे माणसाचा निव्वळ जठररस तपासायची दुर्मीळ संधी रिशे यांना मिळाली. या तरुणाने चवदार पदार्थ नुसता तोंडात चघळला, तरी जठरात रस पाझरू लागतो, हेही त्यांनी टिपले. पावलॉव्ह यांची कुत्री जगप्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद आहे. या कामावरचा प्रबंध १८७८ चा. १८८७ मध्ये ते पॅरिसला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२५ पर्यंत त्या पदावर राहिले. कुत्र्याला घाम येत नाही तर तो अंगातली उष्णता धापा टाकून कशी कमी करतो, हा त्यांचा एक अभ्यासविषय होता. क्लोरॅलोज हे प्रयोगशाळेत वापरले जाणारे भुलीचे औषध त्यांनी सहकाऱ्यासोबत प्रचारात आणले. एका विज्ञान साप्ताहिकाचे संपादन चोवीस वर्षे केले. टोपणनावाने कथा-कादंबऱ्या लिहिल्या. वाफेवर चालणारे छोटे विमान बनवायच्या खटपटीत पैसा ओतला. युद्धाविरोधी चळवळीत ते आयुष्यभर होते. एका माणसाने इतक्या गोष्टी केल्या की त्यातल्या काही वरवरच्या राहणारच, आणि तशा त्या राहिल्याही.

त्यातले एक काम मात्र वरवरचे नव्हते. १८८८ मध्ये रिशे आणि एरिकूर यांनी दाखवले की एका जिवाणूच्या संसर्गाला तोंड दिलेल्या कुत्र्याचे रक्त सशाला टोचले, तर सशालाही त्या जिवाणूपासून संरक्षण मिळते. म्हणजे रोगाशी लढण्याची ताकद रक्तात असते आणि ती एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते. ६ डिसेंबर १८९० रोजी रिशे यांनी असे सीरम माणसाला टोचण्याचा पहिला प्रयोग केला. पण त्यांनी निवडलेला शत्रू होता क्षयरोग, आणि क्षयापुढे सीरमचे काही चालले नाही. त्याच महिन्यात जर्मनीत बेरिंग आणि कितासातो यांचे धनुर्वात आणि घटसर्पावरचे काम प्रसिद्ध झाले. घटसर्पाच्या सीरमने मुले वाचू लागली. १९०१ मध्ये पहिलेवहिले वैद्यकाचे नोबेल बेरिंग यांना मिळाले. रिशे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, नाव असलेले, पण पहिला मान थोडक्यात हुकलेले शास्त्रज्ञ होते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ते मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या बोटीवर अटलांटिक महासागरात होते. आल्बेर यांना राज्यकारभारापेक्षा समुद्राचे वेड अधिक. त्यांची ‘प्रिन्सेस अलिस’ ही तरंगती प्रयोगशाळाच होती. बोटीवर रिशे यांच्यासोबत पॉल पोर्तिए हा तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञही होता. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर या समुद्री जिवाच्या विषाचा अभ्यास करावा, असे आल्बेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांना सुचवले.

हा जीव मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यांना अनोळखी नाही. पावसाळ्यात जुहू, गिरगावच्या वाळूवर निळसर फुग्यासारखे जे ‘ब्लू बॉटल’ वाहून येतात आणि पायाला चाबूक ओढल्यासारखे वळ उठवतात, ते याच कुळातले. लोक त्याला जेलीफिश म्हणतात, पण खरे तर तो एक जीव नसून अनेक छोट्या जिवांची एकत्र तरंगणारी वसाहत असते. खाली लोंबणारे धागे कित्येक मीटर लांब असतात आणि त्यांत विषाच्या सूक्ष्म सुया दडलेल्या असतात. रिशे आणि पोर्तिए यांनी या धाग्यांचा ग्लिसरीनमध्ये अर्क काढून बोटीवरच्या प्राण्यांना टोचला. अर्क जालीम निघाला.

फ्रान्सला परतल्यावर अडचण आली. पॅरिसमध्ये पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर आणायचा कुठून? म्हणून त्यांनी किनाऱ्यावर भरपूर मिळणारी, तशीच दंश करणारी समुद्रफुले घेतली, त्यांच्या शुंडकांचा अर्क बनवला आणि किती मात्रेला कुत्रा मरतो हे ठरवायला सुरुवात केली. काम कंटाळवाणे होते. हे विष सावकाश मारते. कुत्रा दगावायला चार-पाच दिवस लागत. कमी मात्रा मिळालेली कुत्री आजारी पडत आणि बरी होत. ती पूर्ण बरी झाल्याशिवाय पुढच्या प्रयोगाला घ्यायची नाहीत, असा शिरस्ता होता. पाश्चरनंतरच्या त्या काळात सगळ्यांचीच एक धारणा होती: विषाची थोडी मात्रा पचवलेला प्राणी पुढच्या वेळी त्या विषाला अधिक पुरून उरतो. लस याच तत्त्वावर चालते. अफूची सवयही अशीच लागते. तेव्हा बरी झालेली कुत्री निदान पहिल्याइतकी तरी टिकतील, जमल्यास जास्तच, अशी अपेक्षा होती.

नेपच्यून हा त्यातला उमदा, तगडा कुत्रा. पहिल्या अगदी छोट्या मात्रेने त्याला काही झाले नाही. बावीस दिवसांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा टोचली. काही सेकंदांतच तो धापा टाकू लागला. पाय ओढत दोन पावले गेला, कुशीवर पडला, रक्ताची ओकारी झाली, जुलाब झाले आणि पंचवीस मिनिटांत संपला. ज्या विषाला जास्त मात्रेतही मारायला चार दिवस लागत, त्याच्या क्षुल्लक मात्रेने अर्ध्या तासाच्या आत जीव घेतला होता.

अशा वेळी सर्वसाधारण संशोधक काय करतो? अर्क नासला असेल, सुई शिरेत चुकीची गेली असेल, कुत्र्याला आधीच काही आजार असेल, असे म्हणून तो कुत्रा वहीतून वगळतो. खुद्द फ्रान्समध्येच असे घडून गेले होते. १८३९ मध्ये माजांदी या नामवंत शास्त्रज्ञाला अंड्यातला पांढरा बलक दुसऱ्यांदा टोचल्यावर प्राणी मरताना दिसले होते. बेरिंग यांनीही सीरमच्या कामात असा चमत्कारिक अनुभव नोंदवला होता. कुणी त्याच्या मागे लागले नाही. रिशे आणि पोर्तिए लागले. त्यांनी प्रयोग पुन:पुन्हा करून पाहिला आणि तीन गोष्टी पक्क्या केल्या. एकदा मात्रा मिळालेला प्राणी नव्या प्राण्यापेक्षा कितीतरी जास्त नाजूक होतो. दुसऱ्या वेळची लक्षणे पहिल्यापेक्षा वेगळी असतात; रक्तदाब कोसळतो आणि सगळे मिनिटांत घडते. आणि हा नाजूकपणा यायला दोन-तीन आठवडे जावे लागतात. दुसरी सुई तीन-चार दिवसांत टोचली तर काही होत नाही.

हा तिसरा मुद्दा फार मोलाचा. विष अंगात साठत जात असते, तर दुसरी सुई जितकी लवकर तितका धोका जास्त असायला हवा होता. इथे उलटे होते. म्हणजे मधल्या काळात शरीर स्वतःच काहीतरी तयार करत होते.

१५ फेब्रुवारी १९०२ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र सभेपुढे हे निष्कर्ष आले. नव्या गोष्टीला नवे नाव हवे होते. ग्रीक भाषेत ‘फिलॅक्सिस’ म्हणजे संरक्षण. त्याच्या उलट म्हणून ‘अ‍ॅफिलॅक्सिस’ शब्द सुचला होता, पण तो कानाला बरा वाटेना, म्हणून ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ झाला. व्याकरणाच्या पंडितांनी नाके मुरडली असतील, पण शब्द टिकला.

पुढची पाच-सात वर्षे युरोपभर या विषयाची लाट आली. १९०३ मध्ये आर्तुस यांनी दाखवले की यासाठी विषच लागते असे नाही. घोड्याच्या निरुपद्रवी सीरमचीही सशांना अशीच बाधा होते. हे महत्त्वाचे होते, कारण एव्हाना घोड्याचे सीरम हजारो मुलांना घटसर्पासाठी टोचले जात होते. व्हिएन्नाच्या मुलांच्या दवाखान्यात फॉन पिर्के आणि शिक यांनी सीरमनंतर येणारा ताप, पुरळ आणि सांधेदुखी यांचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द जन्माला घातला. १९०७ मध्ये रिशे यांनी स्वतः आणखी एक पाऊल टाकले. नाजूक झालेल्या कुत्र्याचे रक्त त्यांनी निरोगी कुत्र्याला दिले. तो निरोगी कुत्राही पहिल्याच सुईला कोसळला. म्हणजे हा दोषही रक्तातून नेता येतो. १८८८ मध्ये त्यांनी रक्तातून संरक्षण नेऊन दाखवले होते. १९ वर्षांनी त्याच रीतीने त्यांनी धोका नेऊन दाखवला. ढाल आणि तलवार एकाच भात्यातली निघाली.

याचा पडताळा महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांत आजही पावसाळाभर येत असतो. सर्पदंशावरची प्रतिविषाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईच्या हाफकिनसह देशातल्या काही ठिकाणी ती तयार होते. ती सलाइनमधून सुरू करताना परिचारिका शेजारी अ‍ॅड्रिनॅलिनची सिरिंज भरून ठेवते. ही लस साप चावलेल्याचा जीव वाचवते आणि क्वचित तीच त्याला रिशेंच्या कुत्र्यासारखे कोसळवते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून काम करावे लागते.

सुई टोचून होते ते खाण्याने होईल का, हा प्रश्न रिशे यांना लवकरच पडला. १९११ मध्ये त्यांनी हुरा नावाच्या झाडापासून मिळणारे क्रेपिटिन कुत्र्यांना खाऊ घालून प्रयोग केले आणि पोटातून गेलेल्या प्रथिनानेही प्राणी नाजूक होऊ शकतो, असे मांडले. एरवी जठर आणि आतडे प्रथिनांचे तुकडे तुकडे करतात, त्यामुळे शरीराला परके प्रथिन अख्खे भेटत नाही. पण थोडासा अंश न पचता आत शिरतो, आणि काहींना तेवढा पुरतो. हे काम पुढे त्यांचा मुलगा शार्ल (धाकटे रिशे, तेही डॉक्टर) आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नेले. अन्नामुळे होणाऱ्या अ‍ॅनाफिलॅक्सिसवर त्यांनी १९१९ मध्ये पुस्तक काढले. तोवर अंडे, मासे, दूध खाऊन अंगावर गांधी उठणाऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा अपचन झाले म्हणत किंवा त्याच्या स्वभावाला दोष देत. दुधाचा थेंब न चालणाऱ्या मुलाला ‘नखरे करतो’ म्हणणारी माणसे आजही घरोघर भेटतात. रिशेंच्या कामाने निदान डॉक्टरांना तरी ही सबब उरली नाही.

१९१३ चे वैद्यकाचे नोबेल रिशे यांना एकट्याला मिळाले. पोर्तिए यांचे नाव त्यात नव्हते. बोटीवर दोघे होते, नेपच्यूनच्या प्रयोगात दोघे होते आणि १९०२ च्या निबंधावरही दोघांची नावे होती. नंतरची दहा-अकरा वर्षे हा विषय रिशे यांनी एकट्याने पुढे नेला हे खरे, तरीही या निवडीत पोर्तिए यांच्यावर अन्याय झाला असे म्हणायला जागा आहे. मोनॅकोने मात्र दोघांनाही विसरले नाही. १९५३ मध्ये तिथे या शोधाचे टपाल तिकीट निघाले, त्यावर राजा, रिशे आणि पोर्तिए तिघेही आहेत.

नोबेलच्या भाषणात रिशे यांनी एक मोठा प्रश्न हाताळला. निसर्ग शरीराला असे आत्मघातकी वागणे का शिकवेल? त्यांचे उत्तर असे की प्रत्येक जीवजातीची रासायनिक घडण वेगळी असते आणि परकी प्रथिने मिसळून ती बिघडू नये म्हणून अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे. एखादा जीव त्यात मेला तरी चालेल, जात शुद्ध राहिली पाहिजे. आज हे स्पष्टीकरण कुणी मानत नाही. पण त्याच भाषणातला दुसरा विचार टिकून आहे. प्रत्येक माणसाला वेगवेगळी दुखणी होऊन गेलेली असतात, वेगवेगळे अन्न आणि वेगवेगळी विषे त्याच्या अंगात गेलेली असतात, आणि त्या प्रत्येकाची आठवण रक्तात राहते. म्हणून दोन माणसांचे रक्त कधीच सारखे नसते. एका ताटातली कोळंबी एकाला पचते आणि दुसऱ्याला आडवे करते, याचे इतके सोपे कारण तोवर कुणी दिले नव्हते.

इथवरचे रिशे पाठ्यपुस्तकात सापडतात. उरलेले रिशे पाठ्यपुस्तके गाळतात.

तरुणपणी संमोहनाने लागलेली ओढ त्यांना भुताखेतांपर्यंत घेऊन गेली. १८९४ मध्ये दक्षिण फ्रान्सजवळच्या एका छोट्या बेटावर त्यांनी युसापिया पलादिनो या इटालियन बाईच्या बैठका भरवल्या. अंधारात टेबले उचलली जात, अदृश्य हात स्पर्श करत. माध्यमाच्या अंगातून निघणाऱ्या तथाकथित पदार्थाला ‘एक्टोप्लाझम’ हे नाव रिशे यांनीच दिले. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये पलादिनोबाईंची हातचलाखी पकडली गेली, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. १९०५ मध्ये अल्जियर्सच्या एका बंगल्यात पांढऱ्या वस्त्रातला, दाढीवाला ‘आत्मा’ प्रकट होऊ लागला. रिशे तिथे गेले आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञाला सुचावी अशीच परीक्षा त्यांनी घेतली: त्या आकृतीला नळीतून बेरियमच्या पाण्यात फुंकर मारायला लावली. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तसेच ते पाणी पांढरे झाले. आकृतीच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड होता. ती चादर पांघरलेली जिवंत व्यक्ती होती, असा साधा अर्थ कुणीही काढला असता. रिशे यांनी तो काढला नाही. १९२२ मध्ये त्यांनी या सगळ्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. नेपच्यूनच्या वेळी डोळ्यांना दिसलेले अविश्वसनीय सत्य नाकारायचे नाही, हा त्यांचा गुण होता. अंधाऱ्या खोलीत तोच गुण त्यांच्यावर उलटला. कुत्र्याचा प्रयोग त्यांना उजेडात, हव्या तितक्या वेळा, स्वतःच्या अटींवर करता येत होता. बैठकीच्या अटी माध्यम ठरवत असे.

भुतांचे वेड हास्यास्पद, पण निरुपद्रवी म्हणता येईल. दुसरे वेड तसे नव्हते. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी निवडीवरच्या पुस्तकात रिशे यांनी मानववंशांची उतरंड लावली, गोऱ्यांना शिखरावर आणि काळ्यांना तळाशी बसवले, मिश्र विवाहांना विरोध केला आणि व्यंग घेऊन जन्मलेली बालके जगवू नयेत, असे सुचवले. १९२० ते १९२६ या काळात ते फ्रान्सच्या सुप्रजनन संस्थेचे अध्यक्ष होते. प्रत्येक माणसाचे रक्त वेगळे असते असे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाने माणसांना रंगावरून ढिगांत विभागावे, हा विरोधाभास त्यांना स्वतःला कधी टोचलेला दिसत नाही. एकटा जीव गेला तरी चालेल, जात राहिली पाहिजे, हे त्यांच्या नोबेल भाषणातले तर्कट इथे माणसांना लावलेले दिसते. त्या काळचे पुष्कळ लोक असेच बोलत, अशी सबब दिली जाते. त्याच काळात असे न बोलणारेही पुष्कळ होते.

४ डिसेंबर १९३५ रोजी रिशे पॅरिसमध्ये वारले. वंशशुद्धीच्या कल्पना शेजारच्या देशात कायद्याचे रूप घेत होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मुलगा, अन्नाच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसवर काम केलेले धाकटे शार्ल रिशे, नाझींविरुद्धच्या लढ्यात पकडले गेले आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेले. ते जगले आणि उपासमारीने छावणीतल्या माणसांच्या शरीराचे काय होते यावर त्यांनी पुढे लिहिले. पॅरिसजवळच्या व्हिलिए-ल-बेल गावातील एका रुग्णालयाला थोरल्या रिशे यांचे नाव होते. २०१५ मध्ये ते काढण्यात आले आणि आदेलाइद ओतव्हाल यांचे नाव दिले गेले. ओतव्हाल या मनोविकारतज्ज्ञ होत्या. आउशवित्झमध्ये कैदी असताना त्यांनी तिथल्या डॉक्टरांच्या प्रयोगांत भाग घ्यायला नकार दिला होता.

रक्तातला तो पदार्थ नेमका कोणता, हे रिशे यांच्या हयातीत कळले नाही. १९२१ मध्ये ब्रेस्लाउ येथे प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी मात्र तो माणसात आहे हे स्वतःवर प्रयोग करून दाखवले. क्युस्टनर यांना माशांची अ‍ॅलर्जी होती. त्यांचे सीरम प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांधी उठली. या पदार्थाचा छडा लागायला १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत इशिझाका दाम्पत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. त्याला आज ‘आयजीई’ म्हणतात. पहिल्या भेटीत शरीर एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार करते. ते कातडी, श्वासनलिका, आतडी यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या एखाद्या वेळी तेच प्रथिन आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टॅमिन आणि इतर रसायने एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. कुत्र्यात पहिला मार यकृत-आतड्यांवर बसतो, म्हणून नेपच्यूनला रक्ताची उलटी झाली. गिनीपिग गुदमरून मरतो. माणसात घसा, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण ही धोक्याची ठिकाणे आहेत.

म्हणूनच आजवर कोळंबी खाल्ली तेव्हा काही झाले नाही, हा पुरावा ठरत नाही. शेंगदाणे, काजू, तीळ, अंडे, दूध, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकडे यांतले काहीही कारण असू शकते. लहान मुलांची दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा वयानुसार जाते. शेंगदाणे, सुका मेवा आणि कोळंबीची सहसा जात नाही. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे नक्की झाले की टाळणे हाच मुख्य उपाय. भारतात २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर दूध, अंडे, मासे, शेंगदाणे, सुका मेवा, सोयाबीन, ग्लुटेन आणि कोळंबी-खेकडे यांचा उल्लेख बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरात असतो, वाचावा लागतो. लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात मात्र असे लेबल नसते. वाटणात शेंगदाण्याचा कूट आहे का, भजी कोळंबी तळलेल्या तेलातच तळली का, हे विचारावेच लागते. आपल्याकडे असे विचारणाऱ्याला चिकित्सक समजतात, तेवढे सोसावे.

रिशे यांना हवी असलेली उलटी गोष्ट, म्हणजे थोड्या थोड्या मात्रेने संरक्षण, तीही काही प्रमाणात खरी ठरली आहे. १९०८ मध्येच स्कोफिल्ड या इंग्रज डॉक्टरांनी अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला अंड्याचा सूक्ष्म अंश गोळीतून देत देत महिन्यांनंतर अंडे पचवायला शिकवले होते. २०१५ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांना घेतले. त्यातल्या निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले. पाचव्या वर्षी त्यांच्यातली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. अर्थात आधीच तीव्र प्रतिक्रिया आलेल्या मुलावर असले प्रयोग घरी करायचे नसतात. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

उपचाराचे औषध रिशे यांच्या प्रवासाच्या वर्षीच जगाला मिळाले होते, हा योगायोगच. ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाचे शुद्ध अ‍ॅड्रिनॅलिन १९०१ चे. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळणे, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणे आणि मास्ट पेशींना आवरणे ही तिन्ही कामे ते एकटे करते. अंगावर गांधी उठून सोबत दम लागला, आवाज बसला, सारख्या उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे असते, आणि लगेच. प्रौढाला सर्वसाधारणपणे ०.५ मिलिग्रॅम, लहान मुलाला वजनानुसार किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, कोसळलेला रक्तदाब उचलत नाही. ती देऊन वाट बघत बसण्यात मोलाची मिनिटे जातात. परदेशात रुग्ण स्वतः टोचून घेता येईल असे पेन खिशात बाळगतात. भारतात ते सहज मिळत नाही, त्यामुळे एकदा असा झटका येऊन गेलेल्याने घरापासून आणि कामाच्या ठिकाणापासून जवळचे, रात्री उघडे असणारे रुग्णालय कोणते हे आधीच ठरवून ठेवावे. तिथे नेईपर्यंत रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत. धाप लागली असेल तर टेकून बसवावे, पण उभे करून चालवत नेऊ नये. अचानक उभे केल्याने रक्ताभिसरण थांबून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. आणि बरे वाटले म्हणून लगेच घरी जायची घाई करू नये. काही रुग्णांत काही तासांनी, पुन्हा काही न खाताही, दुसरा झटका येतो.